भाड्याला लगाम घातला, जमिनीचं काय?

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या सिटी कौन्सिलने मोबाईल होम पार्कच्या, म्हणजे कारखान्यात बनलेली घरं भाड्याच्या प्लॉटवर उभी असतात त्या वसाहतीच्या, भाडेवाढीवर टक्केवारीची मर्यादा घातली की सभागृहात टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि विषय कार्यक्रमपत्रिकेवरून उतरतो. ही मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण रहिवासी त्याच घरात राहतो तोवर आणि पार्क पार्कच राहतं तोवर, एवढाच तिचा उपयोग. घर विकायची वेळ आली किंवा मालकाने पार्क बंद करायचं ठरवलं की टक्केवारी कागदावर राहते. शहराकडे भाडं ठरवण्यापेक्षा मोठा अधिकार आहे: कोणत्या जमिनीवर काय उभं राहील हे ठरवण्याचा. बहुतेक शहरं नेमका तोच अधिकार सगळ्यात शेवटी वापरतात, पार्क बंद होण्याची नोटीस दाराला चिकटल्यावर.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. घर कारखान्यात तयार होतं आणि लोखंडी चासीवर बसून ट्रकमागून येतं. १५ जून १९७६ पासून अशा घरांसाठी केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे हडचा, देशभर एकच बांधकाम कोड आहे. त्यानंतर बनलेल्या घराच्या प्रत्येक भागावर लाल रंगाची धातूची पट्टी असते. घर रहिवासी विकत घेतो, त्याखालचा प्लॉट मात्र पार्कमालकाचा, आणि त्याचं दरमहा भाडं द्यायचं. कॅलिफोर्नियात अशा घराची मालकी जमिनीच्या दस्तासारखी काउंटीच्या दप्तरी लागत नाही. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, जवळजवळ गाडीच्या आरसीसारखी, नोंद होते. त्यामुळे कर्जही साध्या गृहकर्जाच्या दराने सहसा मिळत नाही. ते जंगम मालमत्तेवरचं कर्ज असतं, व्याज जास्त आणि मुदत कमी.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच परका वाटू नये. पुण्यामुंबईत फ्लॅट आपल्या नावावर, पण कन्व्हेयन्स न झाल्यामुळे जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, अशा सोसायट्या ढिगाने आहेत. डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद त्यापायीच करावी लागली. पार्कातल्या रहिवाशाची स्थिती याहून बिकट असते, कारण जमीन कधीच आपली होणार नाही हे धरूनच त्याने घर घेतलेलं असतं.

मग घर उचलून दुसरीकडे का नेत नाहीत? नेता येतं, पण त्यासाठी वीज, गॅस, पाणी आणि ड्रेनेज तोडावं लागतं. जोडलेली ओसरी, कारपोर्ट, पायऱ्या आणि खालचं स्कर्टिंग काढावं लागतं. डबलवाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं रुंद घर असेल तर छतापासून जमिनीपर्यंत मधोमध दोन भाग करावे लागतात. चाकांचे आस आणि टायर पुन्हा बसवायचे, रुंद वाहतुकीचा परवाना काढायचा आणि नव्या जागी आधार, अँकर, जोडण्या सगळं पहिल्यापासून करायचं. हा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. जुन्या घराची तुळई वाटेत वाकली तर तो खर्चही पाण्यात. एवढं करून रिकामा प्लॉट असतो कुठे? १९७६ पूर्वीचं घर बहुतेक पार्क आत घेतच नाहीत. कित्येक पार्क फक्त ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी असतात, तिथे शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबाला जागा मिळत नाही.

गुंतवणूकदारांना हेच आवडतं, कारण भाडेकरू उठून जाऊ शकत नाही. आताशा पार्कांचे मालक पूर्वीसारखे एकेकटे, गावातलेच राहिलेले नाहीत. २०१६ मध्ये सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थेने येस कम्युनिटीज या मोठ्या पार्क कंपनीत मोठा हिस्सा घेतला, आणि त्या व्यवहारात अमेरिकेतल्या शाळा-कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाचाही पैसा होता. कुणा शिक्षिकेचं निवृत्तिवेतन कुणा सफाई कामगाराच्या प्लॉटभाड्यातून निघतं. असो.

भाडं आणि घराची किंमत यांचं नातं कौन्सिलमधल्या फार थोड्या सभासदांना नीट समजलेलं असतं. प्लॉटचं भाडं महिन्याला १०० डॉलरने वाढलं तर वर्षाला १,२०० डॉलर. खरेदीदार पैशावर वर्षाला १० टक्क्यांचा हिशेब धरत असेल, तर त्याच्या लेखी त्या घराची किंमत १२,००० डॉलरने उतरली. म्हणजे भाडेवाढ नुसती महिन्याच्या खर्चात येत नाही, ती रहिवाशाची आयुष्यभराची पुंजी मालकाच्या जमिनीच्या किमतीत हलवते. ८०,००० डॉलरना घेतलेलं घर, दोनतीन वेळा भाडं उडी मारून वाढलं की कुणी २०,००० नाही देत. शेवटी रहिवासी घर पार्कमालकालाच मातीमोलाने देतो आणि मालक तेच घर भाड्याने लावतो.

आता भाडेनियमांकडे येऊ. सॅन होजे शहरात सुमारे ५९ पार्क आहेत आणि त्यांत १०,८०० च्या आसपास घरं. तिथला नियम असा: वार्षिक वाढ महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्के, पण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ टक्के. चर्चा नेहमी त्या ७ वर होते. माझ्या मते खरी खोड ३ मध्ये आहे. महागाई २ टक्के असेल त्या वर्षी सूत्राने वाढ दीड टक्का यायला हवी, मालकाला मात्र ३ मिळतात. १,००० डॉलर भाडं दरसाल ३ टक्क्यांनी वाढलं तर वीस वर्षांनी १,८०६ होतं, दीड टक्क्याने वाढलं तर १,३४७. हा तळाचा आकडा म्हणजे मालकाला न मागता दिलेली भेट आहे. रहिवाशांच्या संघटना वरच्या आकड्यासाठी भांडतात आणि खालचा निसटून जातो. शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये मतदारांनी २०१६ मध्ये भाडेनियंत्रण मंजूर केलं, तरी मोबाईल होमना ते लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं खल चालला. शेवटी २०२१ मध्ये कौन्सिलने पार्कांसाठी वेगळा नियम केला: निर्देशांकाइतकी वाढ, २ ते ५ टक्क्यांच्या आत. तळ ३ ऐवजी २ हा फरक लहान दिसतो, पण वीस वर्षांत तो जाणवतो. सनीव्हेलने नियमच केला नाही. मालकांशी सामंजस्य करार केला. करार सही करणाऱ्यालाच बांधतो, आणि पार्क विकलं गेलं की नव्या मालकाचं काय, हा प्रश्न कलमांच्या बारीक अक्षरात जाऊन बसतो.

वाढीला मर्यादा असली तरी मालकाला 'वाजवी परतावा' मागण्याचा हक्क असतो, तो घटनात्मक आहे. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे आधार वर्षातलं निव्वळ उत्पन्न महागाईनुसार टिकवणं. तिचा गाभा साधा आहे. आधार वर्षी भाड्याचं उत्पन्न वजा चालवण्याचा खर्च किती होतं ते काढायचं, महागाईने वाढवायचं, आणि आजचं निव्वळ उत्पन्न त्याखाली गेलं असेल तरच जादा वाढ द्यायची. यात कर्जाचं व्याज खर्चात धरत नाहीत. म्हणजे गुंतवणूकदाराने पार्क अवाच्या सवा किमतीला घेतलं तर त्याच्या हप्त्याचा बोजा रहिवाशांवर टाकता येत नाही. रहिवाशांनी या एका गोष्टीसाठी तरी ही पद्धत नियमात लिहून घ्यावी. जिथे नियमात नुसतं 'वाजवी परतावा' एवढंच लिहिलेलं असतं, तिथे सुनावणीत मालकाचे तज्ज्ञ खरेदी किमतीवर टक्केवारी मागतात आणि लहान शहराचा वकील खर्चाला घाबरून तडजोड करतो. सुनावणीआधी पूर्ण खतावणी मागून घ्यावी. त्यात दोन जागी नजर ठेवायची: मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेली व्यवस्थापन फी, आणि वर्षानुवर्षं टाळलेली दुरुस्ती 'भांडवली सुधारणा' म्हणून एकाच वर्षी लावलेली.

दुसरी पळवाट होती दीर्घ मुदतीच्या कराराची. बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा ठरावीक पद्धतीचा करार केला की स्थानिक भाडेनियम त्या प्लॉटला लागूच होत नसे. नव्या रहिवाशापुढे कागदांचा गठ्ठा ठेवायचा, त्यातच हा करार, आणि पेन पुढे करायचं. २०२० मध्ये राज्याने एबी २७८२ हा कायदा करून ही सूट काढली. १३ फेब्रुवारी २०२० पासूनच्या करारांना ती नाही, आणि जुन्या करारांचीही १ जानेवारी २०२५ ला संपली. काही प्रश्न शहराला सोडवता येत नाहीत. राज्याने दार उघडं ठेवलं असेल तर ते राज्यानेच लावावं लागतं. ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन शहरांच्या हद्दीवर एकच पार्क पसरलेलं होतं आणि दोन्हीकडे भाडेनियम नव्हता. २०२१ मध्ये विधिमंडळाने अशा दुहेरी हद्दीच्या पार्कांपुरता कायदा केला: निर्देशांक अधिक ३ टक्के, पण ५ च्या वर नाही.

खरा तंटा मात्र घर विकताना काय होतं यावर आहे. नवा खरेदीदार आला की भाडं बाजारभावाला न्यायची मुभा असेल, तर वर काढलेला सगळा हिशेब विक्रीच्या दिवशी उलटतो. रहिवाशाने इतकी वर्षं वाचवलेले पैसे घराच्या किमतीतून एका झटक्यात जातात. उलट, नव्या खरेदीदारालाही जुनंच भाडं ठेवलं तर कमी भाड्याचा फायदा घराच्या किमतीत चढतो. विकणाऱ्याला तो एकरकमी मिळतो, आणि येणाऱ्याला घर महाग पडतं. मालकांची ही तक्रार खोटी नाही. एस्कॉन्डिडो शहराच्या १९८८ च्या नियमावर १९९२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या त्या निकालात, असा नियम मालकांची संपत्ती तेव्हाच्या रहिवाशांकडे वळवतो हे मान्य केलं. तरीही शहराने जमिनीचा ताबा घेतला असा त्याचा अर्थ होत नाही, असं कोर्ट म्हणालं. २०१० मध्ये गोलेटा शहराच्या नियमावरही नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील कोर्टाच्या, मोठ्या पीठाने शहराच्या बाजूने निकाल दिला. कायदा शहरांच्या पाठीशी आहे, धोरणाचा पेच मात्र राहतोच. विक्रीच्या वेळी एकदाच, ठरलेल्या लहान टक्क्याची वाढ द्यावी, असं मला वाटतं. पूर्ण मोकळीक दिली तर नियमाला अर्थ उरत नाही, पूर्ण बंदी घातली तर येणाऱ्या गरीब कुटुंबाला पहिल्याच दिवशी जास्त किंमत मोजावी लागते.

पण इतकं चोख भाडेनियंत्रण करूनही मालक म्हणू शकतो: पार्कच बंद करतो.

पालो आल्टोतल्या ब्युएना व्हिस्टा पार्कचं काय झालं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. सुमारे ४०० रहिवासी, ११७ घरं, बहुतेक लॅटिनो कामकरी कुटुंबं, आणि आजूबाजूला अमेरिकेतल्या सर्वांत महागड्यांपैकी जमिनी. २०१२ मध्ये मालकाने पार्क बंद करायचा अर्ज केला. पार्क बंद करताना काय करायचं याचा नियम शहराकडे २००१ पासून होता. त्यात परिणाम अहवाल, घरांचं मूल्यांकन, स्थलांतराची भरपाई, सगळं होतं. तरी भांडण मूल्यांकनावरच अडलं, कारण दुसऱ्या गावात तेवढ्याच आकाराचं घर मिळेल, पण पालो आल्टोच्या शाळा मिळणार नाहीत, आणि पालक तिथे राहत होते ते त्या शाळांसाठीच. २०१५ मध्ये कौन्सिलने अटी घालून पार्क बंद करायला मंजुरी दिली. नियम पाळला गेला आणि लोक तरीही बेघर होणार, अशी परिस्थिती आली. पार्क वाचलं ते सांता क्लारा काउंटीच्या हाउसिंग ऑथॉरिटीने २०१७ मध्ये ते ४०.४ दशलक्ष डॉलरना घेतल्यामुळे. शहराने आणि काउंटीने प्रत्येकी १४.५ दशलक्ष घातले. ११७ ने भागा: घरटी साधारण ३,४५,००० डॉलर. आकडा मोठा वाटतो खरा, पण बे एरियात एक नवं परवडणारं घर उभं करायला याहून कितीतरी जास्त लागतात. पाच वर्षांची वकिली, भीती आणि दरम्यान निघून गेलेली कुटुंबं या हिशेबात धरलेलीच नाहीत.

त्या जमिनीवर पार्कशिवाय काही बांधायला मुळातच वेगळी परवानगी लागली असती, तर २०१२ चा अर्ज इतक्या सहज झाला असता का? २०२० मध्ये सॅन होजेने वेस्टविंड्स आणि माउंटन स्प्रिंग्ज या पार्कांना जनरल प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, 'मोबाईल होम पार्क' असा स्वतंत्र जमीनवापर दिला. आता तिथे काही वेगळं बांधायचं तर आधी जनरल प्लॅन बदलायला कौन्सिलपुढे, म्हणजे जाहीर सुनावणीपुढे, यावं लागतं. ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०१८ मध्ये शहरातल्या पन्नासहून अधिक पार्कांसाठी वेगळा झोन, म्हणजे ठरावीक वापरापुरता राखलेला जमिनीचा वर्ग, केला. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सने २०२० मध्ये तेच केलं. मालक कोर्टात जातील अशी भीती शहरांचे वकील दाखवतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटर शहराच्या अशा झोनवर मालक गेलेच, आणि २०१२ मध्ये नवव्या सर्किटने शहराच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे रस्ता मोकळा आहे.

झोन म्हणजे अमृत नव्हे. मालकाला धंदा चालवायची सक्ती करता येत नाही. तो गटारं तुंबू देऊ शकतो, दिवे बंद ठेवू शकतो, प्लॉट रिकामे होत जातील अशी वाट बघू शकतो. म्हणून झोनबरोबर तपासणी हवी, आणि इथे कॅलिफोर्नियात एक गोम आहे. पार्कची सुरक्षा-तपासणी मुळात राज्याच्या खात्याकडे असते. शहराने ती जबाबदारी मागून घेतली असेल तरच शहराकडे येते. भाडेकराराच्या हक्कांचा कायदा तर दिवाणी आहे, तो मोडला तर रहिवाशाने स्वतः कोर्टात जायचं. २०२० पासून राज्याने प्लॉटमागे वर्षाला १० डॉलर घेऊन तक्रार कार्यक्रम सुरू केला, तोही अपुरा आहे. कधी कधी तर काउंटीचा अधिकारच चालत नाही. कोचेला खोऱ्यातलं ओएसिस पार्क आदिवासी राखीव जमिनीवर आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात १० पीपीबीच्या (अब्जात दहा भागांच्या) मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आर्सेनिक निघालं, आणि २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने आणीबाणीचा आदेश काढला. लोकांना दुसरीकडे हलवायला राज्याने २०२१ मध्ये रिव्हरसाइड काउंटीला ३० दशलक्ष डॉलर दिले. तेवढ्याने घरं एका वर्षात उभी राहत नसतात.

पार्क विकायला निघालं तर ते रहिवाशांनी घ्यावं, हा मार्ग सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात कठीण. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ पासून रहिवासी सहकारी संस्था काढून पार्क घेत आले आहेत. वॉशिंग्टन राज्याने रहिवाशांना पहिल्या खरेदीचा हक्कच दिला होता. २००० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो राज्यघटनेविरुद्ध ठरवला. कोलोरॅडोने त्यातून शिकून २०२० मध्ये सक्तीचा हक्क न देता खरेदीची संधी आणि मुदत दिली: आधी ९० दिवस, २०२२ च्या दुरुस्तीनंतर १२०. यात ५१ टक्के घरमालकांच्या सह्या घेणं, संस्था नोंदवणं, मूल्यांकन, जमिनीची पर्यावरण-पाहणी, गटारात कॅमेरा सोडून पाइपांची तपासणी, कर्ज देणाऱ्याचं पत्र आणि इसारा, सगळं बसवायचं. दोन पाळ्यांत काम करणारी माणसं हे कसं करणार? व्यवहार सहसा दोन जागी फसतो. इसाऱ्याचे पैसे वेळेत उभे राहत नाहीत, किंवा साठ वर्षं जुनी गटारलाइन उघडली जाते आणि दुरुस्तीचा आकडा बघून बँक मागे हटते. शहराने इसाऱ्यासाठी फिरता निधी आणि आपला एक अभियंता आधीच तयार ठेवला तर १२० दिवस पुरतात. रहिवाशांनाही एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी: संस्थेने पार्क घेतल्यावर कर्जाच्या हप्त्यापायी भाडं बहुधा वाढतं. पुढची वाढ मात्र सभासदांच्या सभेत ठरते.

फ्लोरिडात कायदा वरवर कडक आहे. रहिवाशांना उठवणारं रिझोनिंग, म्हणजे जमिनीच्या ठरलेल्या वापरातला बदल, मंजूर करण्याआधी, जायला पुरेशी दुसरी पार्क किंवा राहण्याची दुसरी योग्य सोय आहे असं शासनाने ठरवावं लागतं. 'पुरेशी' कशाला म्हणायचं, इथे सगळा खेळ आहे. यादीत दहा पार्कांची नावं असली तरी विचारायचं असतं ते हे: रिकामे प्लॉट किती, तिथे किती वर्षं जुनं घर चालतं, मुलं चालतात का, भाडं किती, आणि बसने कामावर जाता येतं का. कॅलिफोर्नियाच्या एबी २७८२ ने हे थोडं पक्कं केलं. पार्क बंद झाल्याने परवडणाऱ्या घरांची टंचाई वाढेल की नाही, याचा निष्कर्ष शहराने आधी काढावा लागतो. रहिवाशाला दुसऱ्या पार्कात राहायला योग्य जागा मिळत नसेल, तर मालकाने त्या घराची जागेवरची किंमत, ते त्याच प्लॉटवर असताना विकलं असतं तर आली असती ती, द्यावी लागते. नुसत्या पत्र्याची किंमत धरून भागत नाही.

सनीव्हेल, सॅन होजे, माउंटन व्ह्यू या गावांत मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आणि त्यांच्या तोंडून एक आक्षेप हमखास ऐकू येतो: एकरात आठदहा जुनी घरं ठेवण्यापेक्षा तिथे शेकडो फ्लॅट का नकोत? आक्षेप रास्त आहे. घरांची टंचाई खरीच आहे. उत्तर असं की फ्लॅट बांधा, पण क्रम उलटा लावा. व्हर्जिनियातल्या शार्लट्सविलजवळ साउथवूड नावाचं मोठं पार्क २००७ मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या स्थानिक शाखेने विकत घेतलं. कुणालाही बाहेर न काढता टप्प्याटप्प्याने नवी वस्ती उभारायची, हे ठरवूनच घेतलं. पहिल्या टप्प्याचं रिझोनिंग अल्बेमार्ल काउंटीने २०१९ मध्ये मंजूर केलं, म्हणजे बारा वर्षं लागली. खासगी बिल्डर इतकी वर्षं थांबणार नाही, हे उघड आहे. म्हणून कौन्सिलने विकास करारात तारखा घालण्याऐवजी परवानग्यांची साखळी घालावी: एका टप्प्यातलं जुनं घर पाडायची परवानगी त्या कुटुंबाच्या नव्या घराचं वापर प्रमाणपत्र हातात आल्यावरच, आणि नवं भाडं जुन्या प्लॉटभाड्याशी बांधलेलं. बिल्डरला घाई असेल तर तो पर्यायी घरं आधी बांधेल.